कूलरकडची कूस

भूल देणाऱ्या डॉक्टरचं तोंड पेशंटला कायम उलटंच दिसतं. आम्ही टेबलाच्या उशाशी उभे असतो. पेशंटने वर पाहिलं की आमची हनुवटी वर, कपाळ खाली. त्यामुळे ज्या हजारो बायकांच्या उशाशी मी उभी राहिले त्यांच्यापैकी कोणी मला रस्त्यात ओळखत नाही. सर्जनला ओळखतात, पेढे देतात, मुलाला पाया पडायला लावतात. मी शेजारी उभी असले तर माझ्याकडे ‘या कोण बाई’ अशा नजरेने पाहतात. एकदा नागपूरच्या लकडगंजात लाकडी कपाट बघायला गेले होते. दुकानदाराची बायको माझ्याकडे पाहतच राहिली. मग माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसली, मान पूर्ण मागे टाकून खालून माझ्याकडे पाहिलं आणि ओरडली, “अव्व माय! भुलीवाल्या बाई ना तुमी?” कपाटावर तिने घसघशीत सूट दिली. माझ्या नोकरीतला तो मोठा सन्मान, आणि हे मी चेष्टेने म्हणत नाही.

माझी आई शेजारणींना सांगायची, “आमची पोरगी लोकायले झोपवते न् त्याचा पगार घेते.” आमच्या घरात डॉक्टर झालेली मी पहिलीच, त्यामुळे तिला अभिमान होता. पण हे काम म्हणजे नेमकं काय ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मलाही ते नीट सांगता आलं नाही. झोपवणं सोपं असतं. परत आणणं हे काम. आणि त्याहून अवघड म्हणजे, परत आणल्यावर त्या माणसाला जे दुखतं त्याचं काय करायचं हे. आमच्या शिक्षणात या तिसऱ्या गोष्टीला फारच थोडी पानं होती.

मी नोकरीला लागले तेव्हा सिझेरियननंतर दुखलं की एकच उपाय असायचा, पेथिडीन. औषध चांगलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ते दुखणं घालवतं आणि बाईलाही घेऊन जातं. बाई अर्धवट झोपेत तरंगत राहते. दुपारी वॉर्डात शिरलं की रांगेने बाळंतिणी पडलेल्या, डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर भलतंच काहीतरी. एक जण अंबाझरी तलावावरून चालत पलीकडे जायची आणि तिथून सासऱ्याला हाक मारायची. एक जण रोज तीच म्हैस शोधायची. मी पलंगाशी उभी राहून ऐकायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? त्या दुपारी काळवेळ नसायचा. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ठिबकायचं, कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास, आणि सगळा वॉर्ड कुठेतरी दूर गेलेला. पण पाळण्यातलं बाळ मात्र इथेच असायचं आणि भुकेने रडत असायचं. ते आजीच्या मांडीवर, मावशीच्या मांडीवर फिरायचं. त्याचा पहिला दिवस आईशिवायच जायचा.

पुढे ऐंशीच्या आसपास आमच्याकडे एक लांब टिकणारं औषध मिळू लागलं. ते नसेजवळ सोडलं की तेवढा भाग बधिर होतो आणि बाई टक्क जागी राहते. आता ते सोडायचं कुठे, यावरून माझं आणि पांढरीपांडे मॅडमचं भांडण लागलं. मॅडम म्हणजे आमच्या इस्पितळातल्या बाळंतपणाच्या मोठ्या डॉक्टर. उंच, सावळ्या, आवाज असा की पोरं पोटातच सरळ व्हावीत. त्यांचं म्हणणं, टाके घालतानाच जखमेच्या कडांमध्ये औषध भरून टाकायचं. जिथे दुखतं तिथेच. माझं म्हणणं वेगळं. कमरेच्या पुढे जे हाड हाताला लागतं ना, ज्यावर लुगड्याची गाठ बसते, त्याच्या आतल्या बाजूला दोन नसा जातात. पोटाच्या खालच्या भागाचं दुखणं त्या वर नेतात. तिथेच त्यांना अडवायचं. जरा बोथट सुई घ्यायची, हळू सरकवायची. गोधडी शिवताना सुई एका थरातून सुटते ते जसं बोटाला कळतं तसं कळतं, मग औषध सोडायचं. दोन्ही बाजूंना एकेकदा. आज म्हणे पडद्यावर नस दिसते. आमचा पडदा म्हणजे ही दोन बोटं.

“तुझी बोटं चुकली म्हणजे?” मॅडम विचारायच्या.

“तुमचं औषध चहाच्या वेळेपर्यंत उतरतं त्याचं काय?” मी म्हणायची.

शेवटी मॅडमनीच तोड काढली. ज्या बाईची राजीखुशी असेल तिच्या डाव्या बाजूला माझी सुई, उजव्या बाजूला त्यांची. एकाच पोटावर दोन पक्ष. याला अभ्यासबिभ्यास म्हणायची आमची हिंमत नव्हती, दोन हट्टी बायकांची पैज होती. पण मोजायचं कसं? नागपूरच्या बाळंतिणीला “दुखून राहिलं का?” असं विचारलं की ती सासूकडे पाहते, आणि सासू म्हणते, “नाही दुखत तिले.” संपलं. मग मॅडमना युक्ती सुचली. बाईला हसवायचं. सिझेरियन झालेल्या बाईला हसू आलं की पोट ताणतं आणि तिचा हात आपोआप जिथे दुखतं तिथे जातो. सासू काहीही म्हणो, हात खोटं बोलत नाही. इतक्या कडक मॅडम, पण राउंडला आल्या की आमच्या सुपरिंटेंडेंटसाहेबांच्या शिंकेची अशी नक्कल करायच्या की अख्खा वॉर्ड पोट धरायचा. आणि मी मान वाकडी करून बघत राहायची, कोणाचा हात कुठे जातो.

डावीकडेच जायचा. दरवेळी! माझी बाजू. एप्रिल गेला, मे अर्धा झाला, मी हरतच होते. मॅडम नुसत्या भुवया उडवायच्या. मला तर रडू यायचं बाकी होतं. सुई बदलून पाहिली, जागा बोटभर सरकवून पाहिली, औषध वाढवून पाहिलं. पुन्हा हात डावीकडेच.

एका दुपारी एक बाळ रडत होतं आणि त्याची आई हात पुरत नाही म्हणून धडपडत होती. मी ते उचललं आणि तिच्या दुसऱ्या कुशीला, उजवीकडे ठेवलं. तर तिची सासू अशी काही धावून आली!

“काय करून राहिल्या बाई तुमी! तिकून कूलरची हवा लागते ना लेकराले!”

मी मान वळवून वॉर्डभर पाहिलं. वॉर्डाच्या एका टोकाला कूलर. सगळे पलंग एकाच भिंतीला डोकं लावून, म्हणजे प्रत्येकीच्या उजव्या हाताला कूलर. बाळाला आणि बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही ही घरोघरची रीत, म्हणून प्रत्येक आजी बाळाला डाव्या कुशीला ठेवणार, आईची आडोशाची भिंत करून. म्हणजे प्रत्येक आई दिवसभर डावीकडेच वळणार, डावीकडेच जोर देणार, डावी बाजूच दुखावणार. मी ज्या पोटावर पैज लावली होती ते पोट कूलर वळवत होता. मी अशी हसले की सासूबाईंना वाटलं उन्हाने डोकं फिरलं. बाजू आलटून पालटून केल्या तेव्हा कळलं ते असं: मॅडमचा उपाय कधीच पूर्ण फसत नाही पण लवकर उतरतो, माझा लांब टिकतो पण कधी कधी लागतच नाही. दोघी थोड्या थोड्या बरोबर. यावर आम्ही दोघी काही दिवस एकमेकींशी बोललो नाही.

आणि याच मे महिन्याच्या शेवटी पंचफुला आली.

मौद्याकडची, बारीक चणीची. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिलं सिझेरियन दुसरीकडे कुठेतरी झालेलं, पोटावर उभा व्रण. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिला तपासायला गेले. नाडी, दात, पाठीचा कणा, नेहमीचं सगळं झालं. मी उठायला लागले तर तिने माझा हात धरला.

“बाई, मले झोपवू नका.”

“नाही झोपवत. पाठीत सुई देऊ, कमरेखालचं बधिर होईल. तू जागीच राहशील.”

“ते नाही. मागून देतात ना, दुखते म्हणून, ते. ते नका देऊ.”

सासू पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. म्हणाली, “काहून नको वं? उगी तरास काहाले काढतं? द्या बाई तुमी, झोपली म्हणजे बरं असते तिचं.”

पंचफुला सासूकडे न पाहता माझ्याशीच बोलली. तिचा पहिला मुलगा जन्मला तेव्हा तो नीट रडला होता म्हणे. मग तिला दुखायला लागलं, सुई मिळाली, आणि ती गेली झोपेत. कुठल्याशा आंब्याखाली बसली होती, तिला आठवत होतं, सावली थंड होती आणि कोणीतरी दुरून हाका मारत होतं पण तिला उठावंसं वाटत नव्हतं. उठली तेव्हा पाळणा रिकामा. मूल संध्याकाळच्या आत गेलं होतं आणि घरच्यांनी नेऊन पुरलंही होतं.

“तोंड नाही पाह्यलं म्या त्याचं,” ती म्हणाली. “मी झोपली, अन् तो गेला.”

“अवं, झोपेत होतीस तू,” सासूचा आवाज चिरकला. “उठवून काय दाखवू तुले? काय दाखवाचं होतं तवा म्या?” आणि तिने पदर तोंडाला लावला. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं. पण पंचफुलाच्या डोक्यात झोप आणि ते मूल यांची गाठ पक्की बसली होती. आपण झोपलो की लेकरू जातं. हे चूक आहे असं मी तिला समजावू शकले असते. मी नाही समजावलं. मी म्हटलं, “देणार नाही. शब्द देते.”

शब्द दिला आणि मग घाबरले. वरच्या साध्या गोळ्या-इंजेक्शनांनी सिझेरियनचं दुखणं भागत नाही. आणि तिचा व्रण उभा. जुना उभा व्रण असला की मॅडम त्याच वाटेने आत जायच्या, झटपट काम. पण उभी जखम बेंबीजवळ पोचते आणि माझ्या दोन नसांचा अंमल तिथपर्यंत नाही. मग उरतो मॅडमचा उपाय, जो चहाच्या वेळेला उतरतो. दोन्ही करावे म्हटलं तर एवढ्याशा बाईच्या अंगात औषध किती घालणार? ते जास्त झालं तर झटके येतात, हृदय थांबू शकतं. मी मॅडमच्या खोलीत गेले. बोलत नव्हतो, तरी गेले, आणि सगळं सांगितलं.

मॅडम पेपरवेट फिरवू लागल्या.

“आडवा छेद घेते,” त्या म्हणाल्या. “जुन्या व्रणाखाली. वेळ लागेल, आत सगळं चिकटलेलं असेल, घाम काढेल. पण मग तुझ्या हद्दीत येईल. येतं ना?”

“येतं.”

“अन् तुझी बोटं चुकली तर?”

चुकली तर संध्याकाळपर्यंत ती बाई तळमळेल, सगळे मला म्हणतील दे पेथिडीन, आणि मला एकतर तिला तळमळत ठेवावं लागेल नाहीतर शब्द मोडावा लागेल. मॅडमनी पेपरवेट खाली ठेवला. “जा, नीट झोप,” म्हणाल्या.

सकाळी पहिलीच केस तिची. मॅडमना खरंच घाम फुटला, आत सगळं चिकटलेलंच होतं. पण हू का चू केलं नाही. पंचफुला टक्क डोळे उघडे ठेवून माझ्या उलट्या तोंडाकडे पाहत होती. मुलगी झाली. रडली, छान दणदणीत. मी ती पंचफुलाच्या गालाला लावली तेव्हा ती नुसती वास घेत राहिली. टाके झाले. मग मी हाडाशी बोट ठेवलं. उजवी बाजू, थर सुटल्याचं कळलं. डावी बाजू, कळलं नाही. सुई मागे घेतली, पुन्हा सरकवली. मॅडम हातमोजे न काढता उभ्या होत्या. कळलं. औषध सोडलं, तेव्हा कुठे मॅडमनी हातमोजे काढले.

वॉर्डात तिला मिळाला कूलरजवळचा शेवटचा पलंग, कारण तो कोणालाच नको असायचा. पाठीतल्या सुईचा अंमल उतरला, पाय हलायला लागले. ही खरी वेळ. मी जखमेच्या एका बाजूला हात ठेवला, दुसऱ्या बाजूला ठेवला. ती शांत. मुलीला अंगावर घेतलं तेव्हा मात्र कळवळली, “माय वं!” मी आधीच सांगून ठेवलं होतं की लेकरू ओढतं तेव्हा गर्भाची पिशवी आवळते आणि तेवढं दुखतं, ते माझ्या औषधाच्या हाती नाही. ते आलं की तिचे ओठ घट्ट मिटायचे आणि गेलं की चेहऱ्यावर कौतुक यायचं. “हे चालते,” म्हणाली. “हे हिचं हाये.”

दुपार चढली. बाहेर नागपूरचं मेचं ऊन, रस्ते ओस. आत वाळ्याचा गारवा आणि घरघर. सासू डबा धुवायला म्हणून गेली ती व्हरांड्यात पदर अंथरून आडवी झाली. एकेक करून सगळा वॉर्ड मिटला. दुखणं नसलं की झोप येते, हे मी कुठल्याही विद्यार्थ्याला सांगितलं असतं. पंचफुलाच्या बाबतीत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिचे डोळे मिटायचे आणि ती दचकून उघडायची. पापण्या पुन्हा खाली, पुन्हा दचकून मुलीला चाचपायची. मी औषध दिलं नव्हतं, पण झोप आपल्या पायांनी येत होती, आणि तिच्या डोळ्यांत आता खरी भीती होती.

“बाई, झोप येऊन राहिली मले.”

“येऊ दे ना. ही औषधाची नाही, तुझी स्वतःची आहे.”

“मी झोपली न् हे...”

मी खुर्ची ओढली. कूलरच्या बाजूने, तिच्या उजवीकडे, पलंगाला खेटून. कूलरकडे पाठ करून बसले, म्हणजे हवा माझ्या पाठीवर. मुलगी मांडीवर घेतली. “मी आहे. तू उठशील तेव्हा ही इथेच असेल.”

“जाणार नाही ना तुमी?”

“नाही.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. सुलटं. मग एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि झोपली.

मधे मला थिएटरमधून बोलावणं आलं. छोटी केस होती, मी मानेनेच नाही म्हटलं, दुसऱ्याला बोलवा. नोकरीत असं मी कधी केलं नव्हतं. मुलगी मांडीवर ऊबदार, मुठी मिटलेल्या. पाठीवर गार हवा. पंचफुलाचा श्वास संथ. मला वाटलं, आता ही कुठे असेल? त्याच आंब्याखाली? असली तर असू दे, या वेळी हाक मारायला कोणी येणार नाही, सगळे इथेच आहेत. पाणी ठिबकत होतं. मी आदल्या रात्री मॅडमनी सांगूनही झोपले नव्हते. मला एक आंबा दिसला, त्याखाली माझी आई बसली होती आणि शेजारणींना सांगत होती, आमची पोरगी लोकायले झोपवते...

जाग आली ती मांडी हलकी लागली म्हणून.

रिकामी! पडली? कोणी नेली? मी खुर्चीखाली वाकले. आणि मग पाहिलं. पंचफुला उजव्या कुशीवर वळली होती, माझ्याकडे तोंड करून, कूलरच्या बाजूने, जिकडे या वॉर्डात उन्हाळाभर एकही बाळंतीण वळली नव्हती. आपली आपण वळली होती. माझ्या मांडीवरून तिने मुलगी उचलून घेतली होती आणि मला कळलंही नव्हतं. मुलगी चुटूचुटू पीत होती. पिशवी आवळली असणार, तिचे ओठ घट्ट मिटले. मी सवयीने तिच्या हाताकडे पाहिलं, डावीकडे जातो की उजवीकडे. तो लेकराच्या डोक्याखाली होता, हललाच नाही.

तेवढ्यात मॅडम दारात आल्या. घसा खाकरून साहेबांच्या शिंकेची तयारी केली, मग आमच्याकडे पाहिलं आणि ती शिंक गिळून चपला हातात घेऊन परत गेल्या.

“किती वेळ झाला उठून?” मी कुजबुजले.

“लय वेळ.”

“मला उठवायचं नाही का?”

“काहून उठवू?” ती हसली. पोट ताणलं असेल, तरी हसली. “झोपा ना बाई. मी जागी हाव.”

मी खुर्चीला मान टेकली आणि खरंच डोळे मिटले.